हेब्रॉनची दोन मार्गदर्शकांची सहल: घ्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये

जेरुसलेमच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या वेस्ट बँकेत, हेब्रॉन हे शहर आहे. इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यातला संघर्ष इतर ठिकाणी भिंती आणि महामार्ग यांच्या अल्याडपल्याड दिसतो. इथे तो एकाच गल्लीत, काही ठिकाणी तर एकाच इमारतीच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर नांदतो. काही सहल कंपन्या हे शहर एकाच दिवसात दोन मार्गदर्शकांकडून दाखवतात. अर्धा दिवस पॅलेस्टिनी मार्गदर्शक, अर्धा दिवस ज्यू वसाहतीची, म्हणजे १९६७ नंतर इथे येऊन राहिलेल्या ज्यूंची, बाजू मांडणारा इस्रायली मार्गदर्शक, आणि कंपनीने स्वतः मध्ये काहीही बोलायचे नाही, अशी या सेवेची रचना असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातले युद्ध सुरू होण्याआधी अशा एका सहलीत मी सहभागी झाले होते. या प्रश्नावर ठाम मत असलेल्या प्रत्येकाने ती घ्यावी असे मला वाटते, मात्र तिच्यात एक मोठी उणीव आहे आणि तीही आधीच माहीत असलेली बरी.

व्यवस्थेबद्दल तक्रारीला जागा नव्हती. जेरुसलेमहून रस्ता क्रमांक ६० ने जाणारी बस वेळेवर सुटली, गट आटोपशीर होता, पासपोर्ट जवळ ठेवण्याची आणि खांदे-गुडघे झाकणारे कपडे घालण्याची सूचना आधीच मिळाली होती. चालणे बरेच आहे आणि सावली कमी.

जानेवारी १९९७ च्या करारानुसार हेब्रॉनचे दोन भाग झाले. सुमारे ८० टक्के क्षेत्र, म्हणजे एच-१, पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे पॅलेस्टिनींच्या मर्यादित स्वशासनाकडे गेले आणि उरलेले २० टक्के, म्हणजे एच-२, इस्रायली लष्कराच्या नियंत्रणाखाली राहिले. या एच-२ मध्ये तीस हजारांहून अधिक पॅलेस्टिनी आणि काही शे ज्यू राहतात. पॅलेस्टिनी मार्गदर्शकाने आम्हाला प्रथम जुन्या बाजारात नेले. तिथल्या गल्लीवर डोक्याच्या वर तारेची जाळी ताणलेली आहे, कारण वरच्या मजल्यांवरच्या वसाहतवासीयांच्या घरांतून खाली कचरा आणि दगड टाकले जातात, असे दुकानदार सांगतात. मी वर पाहिले तेव्हा जाळीत प्लास्टिकच्या बाटल्या, विटांचे तुकडे आणि एक मोडकी खुर्ची अडकलेली होती. त्याने भाषण फारसे केले नाही. तो एकेका बंद दारापाशी थांबायचा, तिथे पूर्वी कशाचे दुकान होते ते सांगायचा आणि पुढे चालू लागायचा. बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेचा सहभाग असलेल्या २००७ च्या पाहणीत शहराच्या मध्यभागातली १,०१४ घरे रिकामी आणि १,८२९ दुकाने बंद असल्याची नोंद आहे. ही नोंद मी आधी वाचली होती, पण तिचा अर्थ मला त्या गल्लीत कळला.

तिथून आम्ही त्या वास्तूत गेलो जिच्यामुळे दोन्ही धर्मांना हे शहर सोडवत नाही. मुस्लिमांसाठी ती इब्राहिमी मशीद, ज्यूंसाठी कुलपित्यांची गुहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हेरोद राजाच्या काळातल्या प्रचंड दगडी भिंतींच्या आत अब्राहम, इसाक, याकोब आणि त्यांच्या पत्नी यांच्या स्मृत्यर्थ बांधलेल्या समाध्या आहेत. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमझान महिन्यातल्या शुक्रवारी, बारूख गोल्डस्टीन या किर्यात अर्बा वसाहतीतल्या डॉक्टरने इथे नमाज पढणाऱ्यांवर गोळीबार करून २९ पॅलेस्टिनींना ठार केले. त्यानंतर वास्तू दोन भागांत विभागण्यात आली आणि वर्षातले ठरावीक १० दिवस प्रत्येक समाजाला संपूर्ण वास्तू मोकळी मिळू लागली. पर्यटकांना दोन्ही बाजूंना जाता येते. मशिदीच्या दारात स्त्रियांना टोपीचा लांब झगा देतात; तो अंगावर घेऊन मी अब्राहमच्या समाधीजवळच्या जाळीशी उभी राहिले. समाधीच्या पलीकडे तशीच दुसरी खिडकी आहे आणि मध्ये गोळीप्रतिबंधक काच आहे. दुपारी सिनेगॉगच्या बाजूने आल्यावर तीच समाधी मी त्या दुसऱ्या खिडकीतून पाहिली. या सहलीचा सगळा खर्च वसूल होतो तो इथे.

मार्गदर्शकांची अदलाबदल वास्तूसमोरच्या चौकात होते आणि तीही पाहण्यासारखी आहे. एकेकाळी शहराचा मुख्य बाजार असलेल्या शुहदा रस्त्याच्या मोठ्या भागावर पॅलेस्टिनींना पाऊल ठेवता येत नाही, म्हणून पहिल्या मार्गदर्शकाला तिथेच थांबावे लागते; इस्रायली नागरिकांना एच-१ मध्ये जाण्यास मनाई असल्याने दुसरा मार्गदर्शक बाजाराच्या पलीकडचे शहर दाखवू शकत नाही. दोघांनी हस्तांदोलन केले, दोन वाक्ये बोलले आणि आमचा गट एका हातातून दुसऱ्या हाती गेला.

इस्रायली मार्गदर्शकाने आपले म्हणणे १५४० पासून सुरू केले. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी त्या सुमारास इथे अव्राहाम आविनु सिनेगॉग उभारले, १९४८ ते १९६७ या जॉर्डनच्या ताब्याच्या काळात ते जमीनदोस्त झाले आणि १९७० च्या दशकात पुन्हा बांधले गेले. १८९३ मध्ये बांधलेल्या बेत हदासा या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत आता एक संग्रहालय आहे आणि त्यातली एक खोली १९२९ च्या हत्याकांडाला वाहिलेली आहे. त्या ऑगस्टमध्ये हेब्रॉनमधल्या ६७ ज्यूंची हत्या झाली आणि वाचलेल्यांना तेव्हा इथे राज्य करणाऱ्या ब्रिटिशांनी शहराबाहेर हलवले. ‘आम्ही इथे आलो नाही, परत आलो,’ हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते आणि ते त्याने आवाज न चढवता, मनापासून केले. १९८० मध्ये याच इमारतीसमोर सहा ज्यूंना ठार करण्यात आले आणि २००१ मध्ये एका तान्ह्या मुलीला बंदूकधाऱ्याने टिपले, हे सांगताना तो थांबला. शुहदा रस्त्यावरचे निर्बंध ही शिक्षा नसून अशा हल्ल्यांपासूनचा बचाव आहे, असे तो म्हणाला.

आता या सेवेचे खरे मोल. सकाळी पॅलेस्टिनी मार्गदर्शकही १९२९ बद्दल बोलला होता. त्याने हत्याकांड नाकारले नाही, पण त्या दिवशी अनेक अरब कुटुंबांनी आपल्या घरात ज्यूंना लपवून शेकडो जणांचे प्राण वाचवले, यावर त्याने भर दिला आणि आजचे बहुतेक वसाहतवासी त्या जुन्या ज्यू कुटुंबांचे वंशज नाहीत, हेही सांगितले. इस्रायली मार्गदर्शकाने वाचवणाऱ्यांचा उल्लेख एका वाक्यात केला. दोघेही खोटे बोलत नव्हते. आकड्यांचेही तसेच. पॅलेस्टिनी माणूस म्हणतो की २० टक्के भाग गेला, पण तो शहराचा गाभा होता. ज्यू रहिवासी म्हणतो की आम्हाला शहराच्या जेमतेम ३ टक्के भागात फिरता येते. एकाच नकाशावरून हे दोन्ही निघते, कारण एक जण आपल्या हातून काय गेले ते मोजतो आणि दुसरा आपल्याला कुठे जाता येत नाही ते. घरी बसून वर्तमानपत्रे वाचताना ही हिशेबाची तऱ्हा माझ्या कधी लक्षात आली नव्हती. गाळलेल्या जागाही ऐकण्यासारख्या असतात: सकाळी ज्यू नागरिकांवरचे हल्ले भरभर उरकले गेले, दुपारी १९९४ चे हत्याकांड ‘एका माथेफिरूचे कृत्य’ म्हणून संपले. गोल्डस्टीनच्या थडग्याभोवती त्याच्या चाहत्यांनी उभारलेले स्मारक १९९९ मध्ये इस्रायली लष्कराला हटवावे लागले होते, हे दुपारच्या कथनात आले नाही.

आणि आता उणीव. अर्धा-अर्धा दिवस दिला की न्याय झाला, असे ही सहल गृहीत धरते. त्यातून ऐकणाऱ्याच्या मनात नकळत असे बसते की बाजू दोनच आहेत आणि त्यांचे वजन सारखे आहे. हेब्रॉनचा ज्यू वसाहतवासी सर्व इस्रायलींचा प्रतिनिधी नाही. याच शहरात तैनात असलेल्या माजी इस्रायली सैनिकांनी २००४ मध्ये ‘ब्रेकिंग द सायलेन्स’ ही संस्था स्थापन केली, ती याच रस्त्यांवरून स्वतःच्या सहली नेत आली आहे आणि तिचे कथन सकाळ-दुपारच्या दोन्ही कथनांहून वेगळे आहे. १९२९ मधून वाचलेल्यांच्या वंशजांतही एकवाक्यता नाही. काहींनी वसाहतीला पाठिंबा दिला, काहींनी ती हटवण्याची जाहीर मागणी केली. पॅलेस्टिनींमध्येही प्राधिकरणावर विश्वास असलेले आणि नसलेले, वाटाघाटींची आशा धरणारे आणि सोडलेले असे सगळे आहेत, पण अर्ध्या दिवसात त्यांच्यापैकी एकाचाच आवाज कानी पडतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ आणि २०२४ च्या सल्लागार मतांत वेस्ट बँकेतल्या वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरोधात असल्याचे म्हटले आहे, तर इस्रायल सरकार हे मत मानत नाही. यातले २००४ चे मत तेव्हाही उपलब्ध होते. त्याची आणि इस्रायलच्या आक्षेपाची माहिती देणारा एक छापील कागद बसमध्ये वाटला असता, तर कंपनीचे मौन मोडले नसते आणि प्रवाशांना दोन्ही कथने जोखण्यासाठी आधार मिळाला असता.

दुसरी गैरसोय अशी की परतीच्या बसमध्ये दोघांपैकी कोणीच नसते. प्रश्न सुचतात ते दुपारनंतर, आणि ज्याला विचारायचे तो मागे राहिलेला असतो. सकाळच्या मार्गदर्शकाला १९८० बद्दल विचारायला मला फार आवडले असते. त्याला तपासणी नाक्यांच्या पलीकडून दूरध्वनीवर गटाशी जोडून देणे कंपनीला अवघड जाऊ नये.

ऑक्टोबर २०२३ नंतर एच-२ मधले निर्बंध आणखी कडक झाले आहेत, त्यामुळे अशी सहल घ्यायची असेल तर ती सुरू आहे का आणि दोन्ही मार्गदर्शक खरोखर सोबत असतात का, याची आधी लेखी खात्री करून घ्यावी. एकाच मार्गदर्शकाची सहल दुहेरी म्हणून देऊ केली तर ती नाकारावी. शक्य असल्यास माजी सैनिकांची सहल निराळ्या दिवशी जोडावी आणि हेब्रॉनमध्ये मुक्काम करून एखादी संध्याकाळ कोणत्याही मार्गदर्शकाविना बाजारात काढावी. माझ्याकडून या सेवेला पाचपैकी चार गुण. राहिलेला एक गुण त्या न वाटलेल्या कागदाचा.