कोपरखैरण्यातलं घाण्याचं करडई तेल, आणि एवढं महाग का म्हणणाऱ्यांसाठी

तीन टाकीच्या बाजूला आतल्या गल्लीत हा घाणा आहे, पाटीचा रंग उडालाय पण वासावरून सापडतो. शेंगदाणा, तीळ, खोबरं, करडई सगळं डोळ्यासमोर काढून देतात. मी करडईच घेतो, आम्ही मूळ लातूरकडचे, भाकरीवर चटणी नि वरून कच्चं तेल ओतायचं तर दुसरं कुठलं चालतच नाही.

तेल एक नंबर. फोडणीला, ठेच्याला, कच्चं खायला बेस्ट, तळणाला मात्र घेऊ नका, धूर लवकर येतो आणि एवढं महागाचं तेल भज्यात घालवायला जीवही होत नाही. तळाशी गाळ बसतो, ती भेसळ नाही, दोन दिवस हलवू नका आपोआप निवळतं.

आता भाव. लिटरला चारशेच्या आसपास. परवा एक ताई काउंटरवर भांडत होत्या, की शेतकऱ्यांना एवढं अनुदान मिळतं मग तुमचं तेल स्वस्त का नाही. घाण्यावरचे काका बिचारे गप्प, म्हणून मीच लिहितो. राज्य सरकारने 2023 च्या खरिपाचे हेक्टरी 5000 दिले, तेही दोन हेक्टरपर्यंत, ते सोयाबीन आणि कापसाला, पैसे खात्यावर यायला 2024 चा सप्टेंबर संपत आला. एकरी दोन हजार पडले हो, तेवढ्यात बियाण्याची बॅग येत नाही. आणि सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18-20 टक्के, त्याला मोठे प्लांट लागतात, या घाण्यावर ते येतच नाही. म्हणजे त्या अनुदानाचा या बाटलीशी काडीचा संबंध नाही.

करडईला हमीभाव आहे, 2025-26 ला 5940 रुपये क्विंटल होता, 2026-27 ला 6540 केला. लिटरभर तेलाला घाण्यावर साडेतीन-चार किलो करडई जाते, हिशोब करा, नुसता मालच अडीचशेच्या घरात, मग ट्रान्सपोर्ट, लाईट बिल, नवी मुंबईतलं गाळ्याचं भाडं. पेंड विकून थोडं सुटतं तेवढंच. त्यात पीक काटेरी, काढणीला मजूर नको म्हणतात, आमच्या चुलत्यांनी वैतागून करडई सोडून हरभरा धरला.

केंद्राने 2024 मध्ये तेलबियांसाठी 10,103 कोटींचं मिशन काढलं, 2030-31 पर्यंत चालणार, चांगलंय. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाहेरून येणाऱ्या, रिफाइन न केलेल्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ आयात ड्युटी लावली आणि मे 2025 मध्ये पाम, सोया, सूर्यफुलावरची ती 10 वर उतरवली. आपल्याला किराणा स्वस्त हवा म्हणून ना, मग गावाकडचा माल कोण घेणार? माझ्या मते शेतकऱ्याला हेक्टरी खिरापत वाटण्यापेक्षा हमीभावाने खरेदी नीट झाली तरी पुष्कळ, असो.

एक स्टार कापला तो बाटलीसाठी. पातळ प्लास्टिक, झाकणातून तेल झिरपतं, आणि तेल कधी काढलं ती तारीख लिहीत नाहीत, विचारावी लागते. घरून काचेची बरणी न्या, भरून देतात, वजन समोर करतात. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, शेंगदाण्याची लाईन असते आणि करडईचा घाणा लावतच नाहीत.