परदेशी क्लबच्या ट्रायलच्या नावाखाली माझ्या भावाला असं लुटलं

माझा धाकटा भाऊ फुटबॉलमध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, म्हणून खेळतो. शिवाजी विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आला, आणि कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून लीगही खेळतो. युरोपातल्या क्लबची ट्रायल मिळवून देतो म्हणून एका एजंटानं २०२५ मध्ये आमच्या घरातून २ लाख ४० हजार रुपये काढले. कॉलेजात फुटबॉल खेळणारी पोरं आणि त्यांचे आईवडील यांच्या नजरेस पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ही माणसं कॉलेजच्याच पोरांना का गाठतात, ते आधी सांगतो. क्लबांच्या अकादम्या पोरं तेराव्या-चौदाव्या वर्षीच उचलतात. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला, म्हणजे त्याची तयारी किती लवकर सुरू झाली असेल बघा. विद्यापीठाचा खेळाडू वीस-एकवीस वर्षांचा झालेला असतो. खेळ ऐन भरात असतो, पण क्लबांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट फिरकत नाहीत. वय निघून चाललंय ही धास्ती त्याला रात्रंदिवस असते, आणि एजंट नेमकं त्याच धास्तीवर बोट ठेवतो. त्यात जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचा, पुढचा हंगाम थांबवून ठेवल्याची बातमी आली. "इथं आता काय राहिलंय? तिकडं खालच्या डिव्हिजनलासुद्धा महिन्याला हजार-बाराशे युरो मिळतात," हे वाक्य भावाला त्यानंतर लगेचच ऐकवलं गेलं.

एजंटाची गाठ घालून देणारा आमच्या ओळखीचाच होता. पोरांना मैदानावर शिकवणारा, घरी येऊन चहा पिणारा माणूस. म्हणून वडिलांनी विश्वास टाकला. एकेका पोरामागं त्याला कमिशन मिळत होतं, हे नंतर कळलं. एजंटापेक्षा मला आजही त्याचाच जास्त राग येतो.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी रजिस्ट्रेशनचे १५ हजार. मग पुण्यात एका टर्फवर 'निवड चाचणी', तिचे ३० हजार. तिथं आलेली जवळपास सगळीच पोरं निवडली गेली. मग व्हिसा आणि इन्शुरन्सचे ८५ हजार, आणि शेवटी 'फेडरेशन क्लिअरन्स'चे १ लाख १० हजार. त्यासाठी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज उचललं. पैसे दर वेळी वेगळ्या माणसाच्या बचत खात्यावर गेले, कंपनीच्या नावावर एकदाही नाही.

शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी लिथुआनियातल्या एका क्लबचं आमंत्रणपत्र मी पहिल्यांदा नीट वाचलं. क्लबचं बोधचिन्ह कडेला फुटलेलं, स्क्रीनशॉटवरून उचलल्यासारखं. खाली 'स्पोर्टिंग डायरेक्टर'ची सही, पण ईमेल साधा जीमेलचा. भाऊ बचावात खेळणारा लेफ्ट बॅक, पत्रात मात्र गोल मारणारा स्ट्रायकर. आणि ट्रायलची तारीख डिसेंबरच्या मध्यावरची! तिथली लीग वसंतात सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपते. ऐन थंडीत, हंगाम संपल्यावर, कोण कुणाची ट्रायल घेणार? क्लबच्या अधिकृत वेबसाइटवरचा पत्ता शोधून मी सरळ मेल टाकला. संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर आलं: या नावाचा माणूस आमच्याकडे नाही, आणि ट्रायलसाठी आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही.

त्यानंतर मी नियम शोधून वाचले. लिथुआनियासह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो आहे, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाखर्च. ८५ हजारांच्या जवळपासही ते जात नाही. शिवाय बोटांचे ठसे द्यायला अर्जदाराला स्वतः जावं लागतं. 'मी परस्पर करून आणतो' असला प्रकारच तिथं नसतो. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना लागणारं ट्रान्सफर सर्टिफिकेट दोन्ही देशांचे महासंघ फिफाच्या यंत्रणेतून आपसात देतात-घेतात, आणि त्याला शुल्क नसतं. म्हणजे 'फेडरेशन क्लिअरन्स' हा खर्चच बनावट. एजंटाला २०२३ पासून फिफाची परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो आणि परवानाधारकांची नावं फिफाच्या वेबसाइटवर शोधता येतात. आमच्या माणसाचं नाव तिथं नव्हतं. अर्थात नाव सापडलं तरी क्लबला स्वतः मेल करा, कारण दुसऱ्याचं नाव लावून फिरणारेही असतात. खऱ्या एजंटाची कमाई खेळाडूच्या पगारावरच्या टक्क्यांतून होते, त्यामुळं करार व्हायच्या आधी त्याला मागण्यासारखं काही नसतं.

आपल्याकडे काही ओपन ट्रायलना थोडी नोंदणी फी असते, तो भाग वेगळा. पण 'निवड झाली, आता पैसे भरा' असं कुणी म्हणालं की तिथंच थांबा. देशातल्या खालच्या श्रेणींच्या लीगमधले क्लब, गोव्याची प्रोफेशनल लीग, संतोष ट्रॉफी या राज्यांच्या संघांमधल्या स्पर्धेसाठीची निवड, रेल्वे आणि सैन्यदलांचे संघ, या वाटा वीस-एकविशीतही खुल्या असतात. पगार कमी असेल, नाव लगेच होणार नाही, पण तिथं तुमचा खेळ खरोखर बघितला जातो.

क्लबचं उत्तर आलं त्याच रात्री आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम पुढच्या एका खात्यात गोठवता आली. बाकीची तोवर निघून गेली होती. पोलिसांकडे तपास चालू आहे. सांगली, इचलकरंजी आणि बेळगावच्या पोरांकडेही हुबेहूब तेच पत्र असल्याचं आता कळलंय, फक्त नाव बदललेलं. त्यातली बरीच जण लाजेनं गप्प आहेत, काहींनी तर घरीही सांगितलेलं नाही. तुमच्याकडे असं पत्र असेल तर ते, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं काहीही डिलीट न करता जवळच्या सायबर पोलिसांकडे न्या. तक्रारी जितक्या जास्त येतील तितकी ही खाती एकमेकांशी जोडणं पोलिसांना सोपं जाईल, आणि तो माणूस नव्या नावानं पुढच्या बॅचची पोरं आताच गोळा करतोय.