‘बी१०के’ छापलेला पॉट लिनियरच असेल असं धरून चालू नका

शंभर पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉब फिरवून रोध बदलायचे पॉट, मागवले. दहा किलोओहमचे, लिनियर (नॉब फिरेल त्याच प्रमाणात रोध बदलणारे), प्रत्येकावर ठसठशीत ‘बी१०के’: बी म्हणजे लिनियर, १०के म्हणजे दहा किलोओहम. त्यातले ९२ लॉग निघाले, म्हणजे रोध आधी हळू आणि मग झपाट्याने बदलणारे. सगळी रक्कम आगाऊच भरली होती, तिच्यावर पाणी सोडावं लागलं. ही चुकून झालेली अदलाबदल नाही. आधी पाठवलेला नमुना अस्सल लिनियर होता आणि पेटीच्या वरच्या थरात नेमके आठ लिनियर मांडून ठेवले होते.

‘तपासून घ्यायचे ना’ म्हणणाऱ्यांनो, तपासले होते. टोकाच्या दोन पायांना मल्टिमीटर लावला की लिनियर असो वा लॉग, दोन्ही १० किलोओहमच दाखवतात. फरक मधल्या पायाचा, म्हणजे वायपरचा, आणि तोही नॉब अर्ध्यावर आणल्यावर ठळक दिसतो. या चोरांचा सगळा धंदा एवढ्यावर चालतो.

पहिला बोर्ड जोडला. एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला, वायपर व्होल्टेज मोजणाऱ्या अ‍ॅनालॉग पिनला. नॉब बरोबर मध्यावर, आणि स्क्रीनवर १५३! दहा बिटांचं इनपुट ० ते १०२३ मोजतं, तिथे ५१२च्या आसपास यायला हवं होतं. तो आकडा अजून डोक्यातून जात नाही, कारण तेव्हा माल परत करायची मुदत शिल्लक होती. पण दोन्ही टोकांना ० आणि १०२३ व्यवस्थित येत होते. मग संशय सोल्डरवर गेला, ग्राउंडवर गेला, कोडवर गेला. कुणाचाही तिथेच गेला असता. छापलेलं अक्षरच खोटं असेल असं कोण धरतं?

विक्रेता म्हणे, “कोडमध्ये मॅप वापरा.” मॅप ही आकडे एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर नेणारी आज्ञा. ती सरळ प्रमाणातच ताणते, वक्र आहे तसाच राहतो. कोडमध्ये दुरुस्त आकड्यांचा तक्ता बनवून वक्र सरळ केला तरी पहिल्या अर्ध्या फेरीला जेमतेम १५० पायऱ्या, उरलेल्या अर्धीला ८७०.

तक्रार विभागाने तर कहर केला. “दोष दिसेल असा फोटो पाठवा.” रोधाच्या वक्राचा फोटो काढायचा कसा? मोजमापं लिहून पाठवली: टोक ते टोक १०, मध्यावर एका बाजूला १.५ आणि दुसऱ्या बाजूला ८.५ किलोओहम. त्यातला पहिला आकडा उचलून ‘वस्तू वर्णनाप्रमाणेच’ असा शेरा मारला आणि तक्रार बंद! पुन्हा उघडली तर मुदत संपलेली. वर दाद मागितली तर “तांत्रिक बाबीत आम्ही पडत नाही.” मग निकाल कशाच्या जोरावर दिलात? प्रत्येक दारी वाटाण्याच्या अक्षता, आणि तो माणूस त्याच फोटोवर तोच माल अजून विकतोय.

नग पेटीच्या तळातून काढून तपासा. सुटा पॉट, नॉब मध्यावर, वायपरपासून दोन्ही टोकं मोजा. जवळपास सारखी आली नाहीत तर माल परत. मल्टिमीटर नसेल तर टोकांच्या तारांची अदलाबदल करा. १५३चे ८७० झाले की कोडला दोष देत बसू नका. आज ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर, पण जुन्या युरोपीय पॉटवर ए आणि बीचा अर्थ उलटा असे, आणि विक्रेते त्याच पळवाटेने निसटतात. म्हणून पैसे भरण्याआधी जाहिरातीतल्या ‘लिनियर’ या शब्दाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. माझ्या तक्रारीनंतर तो शब्द तिथून गायब झाला आहे.