राजा मुलखात असतो, तेव्हा राजधानीत कोण असते? ‘टूर्स अँड टूर्नामेंट्स’ अनेक महिने वापरल्यानंतर

‘क्रुसेडर किंग्ज ३’ हा मध्ययुगीन राजघराणे चालवण्याचा संगणकावरचा खेळ सप्टेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा त्यात वारस होते, कारस्थाने होती, मांडलिकांची बंडे होती; नव्हते ते फक्त अंतर. आयर्लंडमधल्या मन्स्टरचा छोटा राजा यरुशलेमच्या यात्रेला निघाला तरी तो प्रत्यक्षात कुठून कुठे चालला आहे हे नकाशावर दिसत नसे. काही दिवसांनी एखादा प्रसंग पडद्यावर उमटे, राजाच्या धर्मपुण्याचा आकडा वाढे, आणि या सगळ्या काळात राजा घरी बसल्यासारखाच कर वाढवत असे, मुलींची लग्ने ठरवत असे, शेजाऱ्याशी युद्धही पुकारत असे. मेजवानीला येणारे पाहुणे कोणत्याही वाटेने येत नसत आणि कोणत्याही वाटेने परतत नसत. ११ मे २०२३ रोजी ‘टूर्स अँड टूर्नामेंट्स’ हे एक्स्पान्शन, म्हणजे खेळाची विकतची पुरवणी, आणि त्याच्याबरोबरचा मोफत पॅच, म्हणजे मूळ खेळातली सुधारणा, आला, आणि पात्रांना जागा मिळाली. मी तेव्हापासून थोड्याफार खंडाने हा खेळ खेळत आलो आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या कौतुकाचा भर ओसरल्यावर काय टिकले आणि काय विरले, हे आता सांगता येईल.

आधी पैशांचा मुद्दा, कारण खरेदीपूर्वी तो नीट समजणे आवश्यक आहे. प्रवासाची मूळ चौकट, राजाच्या गैरहजेरीत किंवा अल्पवयात कारभार पाहणाऱ्या राजप्रतिनिधीची व्यवस्था, आणि मेजवानी, शिकार व तीर्थयात्रा यांची नवी मांडणी हे सर्व मोफत पॅचमध्ये आहे. विकत मिळतात ते तीन मोठे सोहळे, म्हणजे भव्य टूर्नामेंट, भव्य लग्न आणि राज्याचा दौरा, तसेच नावाजलेल्या नाइटांना बिरुदे देण्याची पद्धत. माझ्या मते खेळाचा स्वभाव ज्याने बदलला तो भाग फुकट आहे, आणि ज्याची जाहिरात झाली तो भाग त्यावर चढवलेला साज आहे. साज चांगला आहे, पण तो साज आहे हे लक्षात ठेवून पैसे मोजावेत.

प्रवासाची आखणी करताना खेळ मुख्यतः दोन गोष्टी विचारतो: किती वेगाने आणि किती सुरक्षितपणे. डोंगर, वाळवंट, समुद्र, घनदाट अरण्य यांचे धोके वेगवेगळे मोजले जातात, मार्गावरचे धोकादायक टप्पे आधीच दाखवले जातात, आणि मधले मुक्काम स्वतः ठरवून वळसा घेता येतो. काफिल्याचा एक प्रमुख नेमावा लागतो. त्याची लायकी जितकी जास्त तितका प्रवास सुकर. सोबत कोणाला न्यायचे, पहारेकऱ्यांवर किती खर्च करायचा, हेही राजानेच ठरवायचे. ऐकायला हे हिशेबाचे काम वाटते, परंतु त्यातून जो दबाव निर्माण होतो तो खराखुरा आहे. दक्षिणेतल्या एखाद्या राज्यातून काशीला निघालेल्या राजाला विंध्य ओलांडावा लागतो, परक्या राजांच्या मुलखातून जावे लागते, आणि तो नर्मदेच्या पलीकडे असताना घरी कोणी उठाव केला तर परत फिरायलाही महिने लागतात. यापूर्वी या खेळात ‘महिने लागतात’ हे वाक्य फक्त सैन्याच्या बाबतीत खरे होते.

इतिहासाशी हे किती जुळते हे पाहायचे असेल, तर तिसऱ्या क्रूसेडकडे, म्हणजे यरुशलेमसाठी निघालेल्या युरोपीय राजांच्या धर्मयुद्धाकडे पाहावे. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या फौजांपैकी एक घेऊन निघाला आणि जून ११९० मध्ये अनातोलियातल्या सालेफ नदीत बुडून मेला. त्यानंतर त्या फौजेचा बराचसा भाग विखुरला. इंग्लंडचा पहिला रिचर्ड परत येताना डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला, दीड लाख मार्कांची (मार्क हे तेव्हाचे पैसे मोजण्याचे माप) खंडणी ठरली, आणि तो कैदेत असताना त्याचा धाकटा भाऊ जॉन राज्य बळकावण्याच्या खटपटी करत राहिला. एकाचा मृत्यू आणि दुसऱ्याची कैद, दोन्ही रणांगणावर नव्हे तर वाटेत. जुन्या पद्धतीत या दोन्ही गोष्टी खेळातून सहजपणे उद्भवू शकत नव्हत्या. आता त्या तशाच्या तशा घडतात असे नाही, पण त्या घडण्यासाठी लागणारी यंत्रणा खेळात आहे: नदी आहे, परका मुलूख आहे, आणि घरी बसलेला भाऊ आहे.

या घरी बसलेल्या माणसामुळेच राजप्रतिनिधीची व्यवस्था मला या साऱ्या बदलांतली सर्वांत मोलाची वाटते. राजा आणि प्रतिनिधी यांच्यातल्या सत्तेचा समतोल एका तराजूवर दाखवला जातो, आणि प्रतिनिधी महत्त्वाकांक्षी असेल तर तो ते पारडे हळूहळू आपल्याकडे झुकवत राहतो. छोट्या प्रवासात याची झळ लागत नाही. पण राजा अल्पवयीन असेल, आजाराने निकामी झाला असेल किंवा कैदेत असेल, तर वर्षानुवर्षे चाललेली प्रतिनिधीची सत्ता काढून घेणे फार अवघड जाते. सन १०६६ पासून कल्याणीच्या चालुक्यांचा डाव घेतला, तर हा पेच आपोआप पुढे उभा राहतो. पहिल्या सोमेश्वराचे दोन मुलगे, दुसरा सोमेश्वर आणि विक्रमादित्य, यांच्यातली तेढ इतिहासात १०७६ मध्ये धाकट्याने सिंहासन घेण्यापर्यंत गेली. माझ्या डावात मी थोरल्याच्या बाजूने खेळत होतो आणि दौऱ्यावर निघताना कारभार कोणाकडे द्यायचा, हा प्रश्न दौऱ्यापेक्षा मोठा ठरला. कर्तबगार भावाकडे दिला तर कारभार उत्तम चालतो आणि तराजू सरकतो. निरुपद्रवी म्हाताऱ्या प्रधानाकडे दिला तर तराजू स्थिर राहतो आणि कारभार रेंगाळतो. हा निर्णय कोणत्याही मोठ्या सोहळ्यापेक्षा अधिक वेळ विचार करायला लावतो, आणि तो फुकट मिळतो, हे पुन्हा सांगावेसे वाटते.

आता विकतच्या भागाकडे. टूर्नामेंट भरवताना जागा निवडायची, स्पर्धा ठरवायच्या, बक्षिसे जाहीर करायची, आणि मग नकाशावर चहूबाजूंनी पाहुण्यांचे काफिले येताना पाहायचे. भालाफेकीची नव्हे तर घोड्यावरून भाले रोखून समोरासमोर भिडण्याची झुंज, अनेकांची एकत्र चकमक, धनुर्विद्या, द्वंद्व, घोडदौड, कुस्ती, काव्यपठण, पटावरचे खेळ असे प्रकार आहेत. भाग घेणाऱ्या पात्राचे कौशल्य पायदळी, धनुष्याच्या, घोड्यावरच्या आणि बुद्धीच्या अशा वेगळ्या वाटांनी वाढते, त्यामुळे लढवय्या नसलेला राजाही काव्याच्या मैदानात नाव कमावू शकतो. पहिल्या काही टूर्नामेंट मी एखादी मालिका पाहावी तशा रस घेऊन पाहिल्या. नंतर मात्र तेच तंबू, तेच भांडखोर नाइट आणि तेच शब्द समोर येऊ लागतात, आणि हात वाचण्याआधीच पर्यायावर क्लिक करू लागतो.

पुनरावृत्तीपेक्षाही मला खटकते ते अर्थकारण. बाराव्या शतकात टूर्नामेंट म्हणजे धंदाही होता. विल्यम मार्शल हा जमीन नसलेला धाकटा मुलगा प्रतिस्पर्ध्यांना पकडून त्यांचे घोडे, चिलखते आणि खंडणी मिळवत वर आला आणि शेवटी इंग्लंडचा राजप्रतिनिधी झाला. कैदेतून सुटून आलेल्या रिचर्डने ११९४ मध्ये इंग्लंडात पाच ठिकाणी टूर्नामेंटला परवानगी दिली आणि दर्जानुसार शुल्क लावले: अर्लला वीस मार्क, बॅरनला दहा, जमीनदार नाइटला चार, जमीन नसलेल्याला दोन. म्हणजे राजाने खेळांवर कमाई केली. चर्चने तर ११३० मध्येच या प्रकारावर बंदी घातली होती, आणि ती बंदी सर्रास मोडली जात होती. शुल्क, पकडलेल्या घोड्यांचा बाजार, धर्मगुरूंची नाराजी, बंदी मोडण्याचा धोका यांतून कितीतरी निर्णय घडवता आले असते. खेळात यजमान मुख्यतः खर्च करतो आणि प्रतिष्ठा मिळवतो. राज्य श्रीमंत झाले की हा व्यवहार नेहमीच फायद्याचा असतो, म्हणून त्यात निर्णय उरत नाही. मुदत संपली की पुढची टूर्नामेंट, एवढेच.

भव्य लग्न त्या मानाने टिकाऊ निघाले, कारण ते क्वचित होते आणि त्यात दोन घराणी गुंतलेली असतात. थाटात लग्न करू असे वचन देऊन, एरवी जे स्थळ मिळाले नसते ते मिळवता येते, आणि वचन पाळायला पैसा उरला नाही तर सोयरिकीत कटुता येते. शत्रूलाच वऱ्हाडी म्हणून बोलावून मांडवात त्याचा काटा काढण्याचीही सोय आहे. ती एकदा तरी वापरून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होईल. नाइटांच्या बिरुदांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सैन्यबांधणीत रस असणाऱ्यांना ती उपयोगी पडतात. मी बहुतेक वेळा ती नेमून विसरून जातो.

राज्याच्या दौऱ्याबद्दल मात्र माझे मत कालांतराने सुधारत गेले. प्रथम तो संथ वाटला: मांडलिकाच्या दाराशी जायचे, तो जेवू घालतो की आपला मुलूख फिरवून दाखवतो ते पाहायचे, मग पुढच्या दाराशी. पण मोठ्या साम्राज्यात नुकताच गादीवर आलेला, कोणालाही न आवडणारा वारस जेव्हा हाती येतो, तेव्हा दौरा हे राज्य टिकवण्याचे सर्वांत सरळ साधन ठरते. कर वसूल करायला जायचे, धाक बसवायला जायचे की वैभव दाखवायला, हा हेतू आधी ठरवावा लागतो आणि त्याप्रमाणे फळ मिळते. मध्ययुगीन जर्मन सम्राटांना कायमची राजधानी नव्हती, ते दरबारासह फिरत राहूनच राज्य करत, ही गोष्ट वाचून माहीत असणे वेगळे आणि असंतुष्ट मांडलिकांच्या दारात एकामागून एक जाताना तिचे कारण उमगणे वेगळे.

मराठी वाचकासाठी एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. या नकाशावर महाराष्ट्र हे राज्य आहे, मराठी ही संस्कृती आहे, आणि ८६७ च्या प्रारंभाला राष्ट्रकूट, १०६६ च्या प्रारंभाला चालुक्य खेळायला मिळतात. पण सोहळ्यांची कल्पना पश्चिम युरोपातून आलेली आहे आणि ती दख्खनेत आणताना फारसा फेरफार केलेला जाणवत नाही. याची खंत वाटते, कारण येथे साहित्य मुबलक होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांना आणि क्रीडांना दोन स्वतंत्र विंशती (वीस अध्यायांचे भाग) दिल्या आहेत, मल्लांच्या कुस्त्या, हत्तींच्या झुंजी, पक्ष्यांच्या झुंजी, मासेमारी, शिकारीचे नाना प्रकार असा तो विस्तार आहे. म्हणजे ज्या दरबारातून हा खेळ सुरू करता येतो, त्याच दरबाराने आपल्या करमणुकीचे तपशील लिहून ठेवले आहेत. कुस्तीला खेळात जागा मिळाली. हत्तींच्या झुंजीची मी अजून वाट पाहतो आहे.

निमंत्रणांचा मारा हा आणखी एक त्रास. शेजारीपाजारी सतत मेजवान्या आणि शिकारी काढत असतात, आणि प्रत्येकाचे बोलावणे येते. सुरुवातीला सूचनांच्या सेटिंग्जमध्ये जाऊन दूरच्या आणि बिनमहत्त्वाच्या गोष्टी बंद करून टाकल्या, तर खेळ बराच श्वास घेतो. मेजवानीला जाताना हेतू मात्र नेहमी स्वतः निवडावा: मैत्री, प्रेम, विरंगुळा किंवा खून. हेतू नीट निवडला तर वर्षानुवर्षे चालणारे कारस्थान एका रात्रीत पुढे सरकते, आणि विरंगुळा निवडला तर पात्राचा ताण उतरतो, जो पुढच्या काळात जिवावर बेतू शकतो. अडचण एवढीच, की आधीच सोपा असलेला हा खेळ या सवलतींमुळे आणखी सोपा होतो. संगणकाने चालवलेले राजे सोहळ्यांचा इतका चतुर उपयोग करत नाहीत, त्यामुळे जाणता खेळाडू काही दशकांतच सर्वांच्या पुढे निघून जातो.

पुढच्या एक्स्पान्शनांनी प्रवासाच्या या पायावर बरेच बांधले. मार्च २०२४ मधल्या ‘लेजंड्स ऑफ द डेड’मुळे रोगाच्या साथी आल्या, आणि साथ पसरलेल्या मुलखातून जावे की वळसा घ्यावा हा प्रश्न मेजवानीच्या निमंत्रणालाही जोडला गेला. सप्टेंबर २०२४ मधल्या ‘रोड्स टू पॉवर’मध्ये जमीन नसलेले साहसी लोक आपला तळ घेऊन गावोगाव फिरू लागले, ती कल्पना पात्रांना नकाशावर जागा मिळाल्याशिवाय शक्यच नव्हती. म्हणून ज्याच्याकडे आज फक्त मूळ खेळ आहे त्याने आधी काहीही विकत न घेता एक पूर्ण डाव खेळावा, एक लांबची तीर्थयात्रा काढावी, मागे एक महत्त्वाकांक्षी प्रतिनिधी ठेवावा. त्यानंतर युरोपातल्या दरबारांत रस वाटला तर ‘टूर्स अँड टूर्नामेंट्स’ सवलतीच्या काळात घ्यावे, आणि भटकंतीतच रस वाटला तर ते मागे ठेवून ‘रोड्स टू पॉवर’ आधी घ्यावे.