मे महिन्यात बोट कुठे न्यावी: मांडव्याचा समुद्र की राजपुरीची खाडी?

अक्षय्य तृतीया झाली की मुंबई बंदरातल्या बोटवाल्यांत दोन तट पडतात. काहीजण बोट पाण्याबाहेर काढायला क्रेनवाल्याचा नंबर शोधू लागतात, तर काहींना उरलेला प्रत्येक शनिवार-रविवार पाण्यावरच काढायचा असतो. हा लेख दुसऱ्यांसाठी आहे. पंधरा ते पंचवीस फुटांची स्वतःची बोट आहे, पाऊस यायला तीन-चार आठवडे आहेत, आणि ठरत नाहीये की गेटवे-मांडवा-खांदेरीचा उघडा समुद्र धरावा की दक्षिणेला मुरूडजवळ राजपुरी खाडीत शिरावं. दोन्हीकडची मजा खरी आहे, पण वेगळ्या वेळेची आणि वेगळ्या तिथीची.

आधी वाऱ्याचं बोलू, कारण मे महिन्यात मालक तोच. रात्री जमिनीकडून सुटलेला मतलई वारा पहाटे विरत जातो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत समुद्र गुळगुळीत असतो. अकराच्या सुमारास वायव्येचा वारा अंग धरतो आणि दुपारी दोन-तीनला पंधरा नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) किंवा त्याहून जास्त वाहतो. मांडव्याहून परतणारी छोटी मोटारबोट तेव्हा प्रत्येक लाटेवर आपटत येते, आणि पुढे बसलेले पाहुणे मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू लागतात. शिडाची बोट असेल तर मात्र हाच वारा सोन्याचा. रोज त्याच वेळी, त्याच दिशेने आणि बेताच्या जोराने येणारा असा वारा मुंबईला वर्षात फारसा मिळत नाही. म्हणून शिडवाल्यांना माझा सल्ला सरळ आहे: समुद्रच घ्या, आणि दुपार घ्या. पुढची चर्चा मोटारवाल्यांसाठी.

मोटारवाल्याला समुद्र हवा असेल तर पहाट हवी. सहाला सूर्य वर येतो, तेव्हा गेटवेसमोरचा नांगर उचललेला असला पाहिजे. पहिला तास बंदरातच जातो: न्हावा-शेव्याकडे निघालेली कंटेनरची जहाजं, जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलटच्या लाँचा, जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के. या धक्क्यांच्या, नौदलाच्या आणि तुर्भ्याच्या अणुकेंद्राच्या आसपास रेंगाळायचं नाही, हे बोटवाल्याला सांगायला नको. मोठ्या जहाजाच्या पुढून घाईने आडवं जाऊ नका. ते दूरून वाटतं त्यापेक्षा बरंच वेगात असतं.

मांडव्याला चहा घेऊन बहुतेकजण परत फिरतात. मला विचाराल तर खरी मजा तिथून पुढे, खांदेरीकडे. थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं आहेत. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर बांधकाम सुरू केलं तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी दोघांचीही झोप उडाली होती. बोटीतून बघितलं की का उडाली ते कळतं: मुंबईत शिरणारं प्रत्येक गलबत या बेटाच्या नजरेतूनच जाणार. १८६७ चा दीपस्तंभ अजून उभा आहे. कोळ्यांचा वेताळही तिथेच आहे, आणि त्याचं स्थान दीपस्तंभापेक्षा कितीतरी जुनं मानतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वास्तूंची जी जागतिक वारसा यादी जाहीर केली, त्यात बारा किल्ल्यांपैकी खांदेरी एक. उतरायचं असेल तर परवानगीची चौकशी निघण्याआधी करून ठेवा. नाही उतरलं तरी खडक लांब ठेवून बेटाला घातलेली एक सावकाश फेरी पहाटे उठल्याचे पैसे वसूल करते.

या पट्ट्यात बोटवाल्याचा खरा वैरी म्हणजे कोळ्यांची डोल जाळी. लाटेची भीती त्यामानाने कमी. खुंटांना बांधलेली ही जाळी भरती-ओहोटीच्या वाटेवर लावलेली असतात, आणि त्यांची खूण म्हणजे पाण्यावर तरंगणारा एखादा काळा डबा किंवा थर्माकोलचा तुकडा. पहाटेच्या तिरक्या उजेडात तो दिसतच नाही. इंजिनाच्या पंख्यात दोर गुंडाळला की इंजिन एक आचका देऊन बंद पडतं. एकाला पुढे टेहळणीला बसवा आणि धारदार सुरी हाताशी ठेवा. पण ती सुरी आपल्या पंख्यात अडकलेल्या दोरासाठी. कोळ्याचं जाळं कापून निघून जाणं हा सरळ सरळ दुसऱ्याच्या पोटावर पाय आहे.

आता खाडी. मुरूडच्या दक्षिणेला राजपुरी खाडी समुद्राला मिळते. तोंडावर जंजिरा, मुरूडसमोरच्या समुद्रात पद्मदुर्ग, आत एका काठाला आगरदांडा आणि समोर दिघी. मुंबईहून समुद्रमार्गे पस्तीस-चाळीस सागरी मैल. जाताना वायव्येचा वारा पाठीशी असल्यामुळे अंतर जाणवत नाही, आणि गोची इथेच आहे. येताना तोच वारा तोंडावर असतो. म्हणजे एक रात्र तिथे काढून दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघायचं, नाहीतर बोट ट्रेलरवर घालून चार-पाच तास रस्त्याने न्यायची. आगरदांडा-दिघी गाड्यांची फेरीबोट चालते त्या जंगल जेटीच्या उतारावरून बोट पाण्यात सोडायची असेल तर आधी तिथे विचारा, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात सोडा. गाड्या उतरवणाऱ्या फेरीबोटीपुढे ट्रेलर आडवा घालून उभं राहणाऱ्याला कोणी चहा विचारत नाही. आगाऊ इंधन सोबत न्या: एक भाग जायला, एक यायला, एक राखून. पाण्यावर पेट्रोल पंप नसतो.

आत शिरलं की दुपारचा वारा वरून निघून जातो आणि पाणी शांत राहतं. समुद्रात ज्या वेळी परतीची घाई सुरू होते, त्या वेळी इथे सावलीचं कापड बांधून नांगर टाकता येतो. दोन्ही काठांना तिवरांची दाटी आहे. उघड्या पडलेल्या चिखलावर ढोकरी उभी असते आणि वर काकण घिरट्या घालत असतो, हाच तो पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. गारव्याच्या पेटीत ताडगोळे आणि कोकम सरबत असेल तर तीन-चार तास कसे गेले ते कळत नाही. लहान मुलं किंवा घरातली वडीलधारी माणसं बरोबर असतील तर मी दुसरा विचारच करणार नाही, खाडीच. पाणी पुरेसं असेल तर वर मांदाडच्या दिशेने जाता येतं. तिथे डोंगरात कुड्याची बौद्ध लेणी आहेत, आणि त्यांच्यासमोर ही खाडी पसरलेली दिसते. मे महिन्यात वर चढायचं तर सकाळी नऊच्या आत, नाहीतर पाण्यातूनच मान वर करून बघा.

जंजिऱ्याबद्दल एक सुचवणं. किल्ल्याच्या दरवाजाशी वर-खाली होणाऱ्या पाण्यावर होडी धरून माणसं उतरवणं हे राजपुरीच्या होडीवाल्यांचं रोजचं काम आहे, आपलं नाही. आपली बोट आत सुरक्षित नांगरावर ठेवून त्यांच्या शिडाच्या होडीत बसलेलं बरं. पावसाळ्यात किल्ला बंद असतो, त्यामुळे मे ही शेवटची संधी.

खाडीची उणी बाजूही ऐकून घ्या. वारा पडला की तिवरांजवळ उकाडा आणि डास दोन्ही छळतात. आणि पाणी उथळ आहे. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पिचकारीवर डोळा ठेवा. ती बारीक किंवा मातकट झाली की पंखा चिखल ढवळतोय असं समजायचं. इंजिन लगेच उचला आणि वल्ह्याने खोल पाण्यात या. खाडीत नेहमी पाणी भरत असताना जावं, म्हणजे रुतलात तरी अर्ध्या-पाऊण तासात भरतीच तुम्हाला उचलते. ओहोटीला रुतलात तर सहा-सात तास बगळ्यांच्या सोबतीने बसायचं. पौर्णिमेच्या भरलेल्या पाण्यात अगदी वरच्या टोकाला रुतलात तर पुढची भरती तेवढी उंच येईलच याची खात्री नाही.

तिथीचा विषय निघालाच आहे, तर निवडीची खरी किल्ली इथे आहे. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाच्या आसपास भरती, दुपारी बाराच्या पुढेमागे ओहोटी, संध्याकाळी पुन्हा भरती. पौर्णिमा-अमावास्येला उत्तर सव्वाअकरा येतं, प्रत्यक्षात मुंबईला भरती बाराच्या जवळपास असते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघाच, पण बेत आखायला एवढा हिशेब पुरतो.

म्हणून अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, समुद्र धरा. ओढ कमी असते, पहाटे भरलेल्या पाण्यात बोट सोडता येते आणि वारा चढायच्या आत खांदेरी गाठून परतता येतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास खाडी धरा: नऊला भरत्या पाण्याबरोबर आत, दुपारी पाणी अर्धं उतरायच्या आत खोल भागात. उधाणात खाडीच्या तोंडाशी ओढ जबरदस्त असते, तिथे इंजिन बंद करून फोटो काढत बसू नका.

पंधरा मेनंतर मात्र तराजू खाडीकडे झुकतो. नैऋत्येची लांब लाट येऊ लागते. वारा नसतानाही बोट वर-खाली होते, आणि बंदराच्या तोंडाशी ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी त्या लाटेला भिडलं की लाटा आखूड आणि उभ्या होतात. संध्याकाळी सह्याद्रीवर वळवाचे ढग चढतात. पूर्वेला काळं दाटलं आणि वायव्येचा वारा एकदम पडला, तर पुढचा झोत उलट्या दिशेने येणार हे धरून चाला. समुद्रात असाल तर जवळचा आडोसा गाठा, खाडीत असाल तर नांगराचा दोर वाढवा. लाइफ जॅकेट अंगात हवं, पेटीत नव्हे. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६ वर ठेवा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर बोटीवरच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. नोंदणीचे कागद आणि सगळ्यांची ओळखपत्रंही सोबत ठेवा. २००८ च्या हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर विचारपूस होणारच.

हे सगळं किती दिवस चालवायचं? मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. ती विसरून जा. २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन धडकला. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या बाजूला जमिनीवर चढलं. मच्छीमारीची बंदी १ जूनला लागते म्हणून तोवर वेळ आहे असं समजणारे बोटवाले मी बघितलेत, पण ती तारीख माशांच्या विणीच्या हंगामासाठी आहे, तुमच्या फायबरच्या बोटीसाठी नाही. माझ्या मते वीस मे ही शेवटची तारीख. ज्यांची बोट क्रेनने न निघता उतारावरून ओढून काढावी लागते, त्यांना ती काढायलाही मोठी भरती लागते. तेव्हा वीस मेच्या आधीची शेवटची पौर्णिमा किंवा अमावास्या आजच पंचांगात बघा, आणि ओढायला माणसं त्या दिवसासाठी आत्ताच सांगून ठेवा. त्या आठवड्यात सगळ्यांनाच ती हवी असतात. बोट वर आली की इंजिन गोड्या पाण्याने धुवा, बॅटरी घरी न्या, बोटीचं नाक थोडं वर ठेवा आणि मागचं बूच काढा.