तेल १३८ अंशांवरून ११७ वर: थर्मोस्टॅटसह ऑइल कूलर संचाचे परीक्षण

ट्रॅकवर सलग काही फेऱ्या पूर्ण वेगाने मारल्या की इंजिनातले पाणी आणि तेल यांचे वागणे एकमेकांपासून फारकत घेते. पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून ९० ते ९५ अंश सेल्सियसच्या आसपास धरून ठेवतात. तेलाचे तापमान मात्र फेरीगणिक चढत जाते. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये तेलाचा पातळ थर घुसळला जाऊन निर्माण होणारी उष्णता, पिस्टनच्या तळावर उडणाऱ्या फवाऱ्यांनी उचललेली उष्णता आणि टर्बो असेल तर त्याच्या बेअरिंगमधून परतणारी उष्णता, या तिन्ही इंजिनाच्या वेगाबरोबर झपाट्याने वाढतात. रस्त्यावर इंजिन क्वचितच ४००० आरपीएमच्या वर जाते आणि ट्रॅकवर ते क्वचितच त्याच्या खाली येते, त्यामुळे रस्त्यावर वर्षानुवर्षे निर्धोक चाललेली गाडी ट्रॅकच्या पहिल्याच दिवशी तेल तापवू लागली तर त्यात नवल नाही.

माझ्या २ लिटर टर्बो पेट्रोल गाडीत कारखान्यातूनच पाण्यावर चालणारा छोटा हीट एक्स्चेंजर बसवलेला आहे. सकाळी थंड तेल लवकर गरम करण्यासाठी तो उत्तम आहे, पण ज्या पाण्याने तो तेल थंड करतो तेच ९५ अंशांवर असल्याने त्याची मर्यादा उघड आहे. बाहेर हवा ३४ अंशांवर असताना सत्राच्या उत्तरार्धात तेल १३८ पर्यंत पोहोचत होते आणि तिथेही थांबत नव्हते. म्हणून हवेने तेल थंड करणारा कूलर, थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट, नळ्या आणि ब्रॅकेट असा पूर्ण संच बसवला आणि एक हंगाम वापरला.

१३८ अंश म्हणजे नेमके किती वाईट, हे आधी सांगायला हवे, कारण या आकड्याबद्दल टोकाची मते ऐकू येतात. चांगले सिंथेटिक तेल १३० अंशांवर लगेच जळून जात नाही. प्रश्न दाटपणाचा आहे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे३०० मानकानुसार ४० दर्जाच्या तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) यांच्या दरम्यान असावी लागते. तेच तेल १३० अंशांवर साधारण ७ ते ८ पर्यंत उतरते, म्हणजे १०० अंशांवरच्या २० दर्जाच्या तेलाइतके पातळ होते. बेअरिंगवर ताण सर्वाधिक असतानाच तेलाचा थर सर्वात पातळ झालेला असतो. शिवाय तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाच्या ऑक्सिडेशनचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे १३८ अंशांवर घालवलेला अर्धा तास तेलाच्या आयुष्यातून फार मोठा वाटा घेतो. काही गाड्या स्वतःच हात आखडता घेतात: निसान ३७० झी या गाडीचा संगणक तेल १४० अंशांच्या जवळ गेले की इंजिनाचा वेग मर्यादित करतो, आणि त्या गाडीच्या ट्रॅकवर जाणाऱ्या मालकांमध्ये ऑइल कूलर ही पहिली सुधारणा मानली जाते, ती त्यामुळेच. अधिक दाट तेल भरणे हा उपाय अनेक जण सुचवतात. त्याने दाब सुधारतो हे खरे, पण दाट तेल घुसळताना उष्णता अधिक निर्माण होते, आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट मूळ होती तेवढीच राहते.

आता संचाकडे वळतो. कूलर १९ रांगांचा, साधारण ३३ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच, स्वीडनच्या सेट्राब कंपनीचा आहे. पट्ट्या एकसारख्या, कडा स्वच्छ, तोंडावरचे एम२२ चे आटे निर्दोष. या भागाबद्दल मला काहीही तक्रार नाही. नळ्या डॅश-१० मापाच्या, आतून सुमारे १४ मिलिमीटरच्या, स्टीलच्या जाळीऐवजी नायलॉनच्या विणीच्या आहेत आणि ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. स्टीलची जाळी दिसायला भक्कम असते, परंतु कंपनांमुळे ती ज्याला टेकते त्याला कानशीसारखी खात जाते, मग ती शेजारची वायर असो की एसीचा पाइप.

या संचाचा खरा कणा सँडविच प्लेट आहे. ती इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्या मध्ये बसते आणि तेल कूलरकडे पाठवायचे की सरळ फिल्टरकडे, हे तिच्यातली मेणाच्या गोळीवर चालणारी झडप ठरवते. प्लेट गाडीवर चढवण्याआधी मी ती पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह ठेवून सावकाश तापवली. पाणी ८० च्या थोडे पुढे गेल्यावर झडपेची दांडी हलू लागली, आणि ९२ च्या सुमारास तिने बायपासचे तोंड पूर्ण झाकले. माहितीपत्रकातही हेच आकडे आहेत. झडप बंद असतानाही थोडे तेल कूलरमधून सतत फिरत राहील इतकी फट त्यात मुद्दाम ठेवलेली आहे. त्यामुळे नळ्यांमध्ये हवा अडकून राहत नाही, आणि झडप उघडताच थंडगार तेलाचा लोंढा एकदम बेअरिंगपर्यंत जात नाही. थर्मोस्टॅटविना मिळणारे स्वस्त संच मी कोणालाच सुचवणार नाही, कारण घर ते ट्रॅक या प्रवासात त्यांच्यामुळे तेल ६०-७० अंशांवरच रेंगाळते, त्यातला ओलावा आणि न जळलेले इंधन उडून जात नाही, आणि चालकाने पहिल्याच फेरीत जोर लावला तर दाट, थंड तेलावर इंजिन पिळवटले जाते. या प्लेटसह महामार्गावर तेल ८८ ते ९२ अंशांवर राहते आणि गरम व्हायला लागणारा वेळ जाणवण्याइतका वाढलेला नाही.

बसवण्याच्या कामात अवघड असे थोडेच आहे, परंतु घाई करण्यासारखे काहीही नाही. प्लेटच्या मधला बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावा. खालची ओ-रिंग तेलाचे बोट फिरवून, खाचेत नीट बसल्याची खात्री करूनच वर चढवावी. कूलरचे आटे ॲल्युमिनियमचे असल्याने नळीची जोडणी आवळताना दुसऱ्या पान्याने कूलरचे तोंड धरून ठेवणे अत्यावश्यक आहे, अन्यथा पिळ थेट झाळलेल्या सांध्यावर येतो. कूलर तोंडे वर करून बसवला की हवा आपोआप निघून जाते. या संचाचे ब्रॅकेट त्याच पद्धतीने केलेले आहे, ही चांगली बाब. पहिल्यांदा इंजिन चालू करण्याआधी इंधनाचा फ्यूज काढून, तेलाचा दाब दिसेपर्यंत केवळ स्टार्टरवर इंजिन फिरवावे. कूलर आणि नळ्या मिळून अर्ध्या लिटरहून अधिक तेल मावते, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत त्यातला काही भाग रिकामाच राहू शकतो. म्हणून डिपस्टिकवरची पातळी गाडी पूर्ण तापवून, काही मिनिटे थांबून पुन्हा पाहावी लागते. माहितीपत्रकात ही सूचना नाही आणि ती ठळक अक्षरांत असायला हवी होती.

माझा मुख्य आक्षेप मात्र ब्रॅकेटवर आहे. ते कूलरला बंपरच्या जाळीमागे, इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि रेडिएटर यांच्या पुढे, उघड्यावर टांगते. दोन्ही बाजूंनी आणि वरून बरीच मोकळी जागा राहते, आणि हवा स्वभावतःच अडथळा टाळून त्या मोकळ्या जागेतून निघून जाते. कूलरच्या दाट पट्ट्यांमधून हवा जावी असे वाटत असेल तर तिला दुसरा रस्ताच शिल्लक ठेवता कामा नये, इतकी ही साधी गोष्ट आहे. संचात मात्र हवा वळवणारा एकही पत्रा किंवा फोमची एक पट्टीही नाही. त्याशिवाय ब्रॅकेट आणि कूलर यांच्यामध्ये रबर नाही; चेसिसचे सारे हादरे थेट कूलरच्या टोकांवर येतात, आणि अशा हादऱ्यांनी कालांतराने झाळणीला तडे जातात. पट्ट्यांच्या दर्जावर एवढे लक्ष देणाऱ्या निर्मात्याने हे का सोडावे, हे मला समजत नाही.

याचा परिणाम मोजता यावा म्हणून मी प्लेटच्या दोन्ही नळ्यांवर सेन्सर लावले, एक कूलरकडे जाणाऱ्या तेलासाठी आणि एक परतणाऱ्या तेलासाठी. संच जसा आला तसाच बसवून, पुन्हा ३४ अंशांच्या हवेत चालवले तेव्हा तेल १२७ च्या आसपास आले, पण सत्र संपेपर्यंत किंचित चढतच राहिले. जाणाऱ्या आणि येणाऱ्या तेलातला फरक जेमतेम ८ ते ९ अंश होता. नंतर जाळीपासून कूलरच्या चारही कडांपर्यंत ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बंदिस्त वाट केली, कडांना फोम चिकटवला आणि ब्रॅकेटच्या चारही टोकांना रबराचे बुश घातले. त्याच कूलरने, तशाच हवेत, फरक १४ ते १६ अंशांवर नेला आणि तेल ११७ ला येऊन तिथेच थांबले. इंजिनाचा पंप कूलरमधून मिनिटाला ३० लिटर तेल फिरवतो असे धरले, तर १५ अंशांचा फरक म्हणजे सुमारे १३ किलोवॉट उष्णता हवेत सोडली जात आहे. संच जसा आला तसाच असताना हीच उष्णता ७ ते ८ किलोवॉटच्या पुढे जात नव्हती. ६००० आरपीएमवर तापलेल्या तेलाचा दाब आधी ३.४ बार दिसत होता, तो आता ४.१ दिसतो, कूलर आणि नळ्यांमुळे थोडा दाब खर्च होतो हे लक्षात घेता ही सुधारणा तेल दाट राहिल्यामुळेच आहे.

गाडीच्या स्वतःच्या स्क्रीनवरचा आकडा आणि या सेन्सरचा आकडा जुळत नाहीत, याने कोणी गोंधळू नये. माझ्या गाडीचा सेन्सर ऑइल चेंबरमध्ये आहे. बेअरिंगमधून सुटलेले तेल तिथे पडेपर्यंत त्याचा सर्वात तप्त क्षण उलटून गेलेला असतो. दुसऱ्याच्या गाडीशी आकडे ताडून पाहताना सेन्सर कुठे बसवला आहे हे आधी विचारावे.

हवेच्या तापमानाचा परिणामही अपेक्षेपेक्षा मोठा असतो. कूलर किती उष्णता टाकेल हे तेल आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरते: तेल १२० अंशांवर असताना १५ अंशांच्या हवेत हा फरक १०५ असतो, ३५ अंशांच्या हवेत ८५. म्हणजे उन्हाळ्यात तोच कूलर जवळपास पाचव्या हिश्शाने दुबळा होतो. थंडीत पुरेसा वाटलेला १० किंवा १३ रांगांचा कूलर भर उन्हात अपुरा पडतो तो यामुळे, आणि म्हणूनच मी १९ रांगांची निवड योग्य मानतो. कूलर मोठा असला तरी थर्मोस्टॅटमुळे हिवाळ्यात तेल अतिथंड होण्याचे भय उरत नाही. उलट रेडिएटरच्या पुढे मोठा कूलर ठेवल्याने रेडिएटरला गरम हवा मिळते, ही किंमत मोजावी लागते: माझ्या गाडीत पाणी सत्राच्या शेवटी २ ते ३ अंशांनी जास्त दिसते. ज्यांचे पाणी आधीच काठावर असेल त्यांनी कूलर चाकाच्या कमानीत बसवावा आणि हवा बाहेर पडण्यासाठी कमानीच्या आतल्या आवरणाला जाळीदार तोंड करावे.

हंगामभरात गळती झाली नाही. पहिल्या सत्रानंतर सर्व जोडण्या पान्याने तपासल्या तेव्हा एक किंचित सैल मिळाली, त्यानंतर एकही नाही. ही तपासणी कोणीही टाळू नये, कारण ट्रॅकवर सांडलेले तेल मागून येणाऱ्या प्रत्येकासाठी धोकादायक असते. जाळीमागे दगड लागून पट्ट्यांची दहाएक टोके वाकली आहेत. पुढे बारीक तारेची जाळी लावली असती तर ही टोके वाचली असती, पण अशी जाळीही संचात नाही.

ज्यांचे तेल सत्राच्या शेवटी १२० च्या आत स्थिरावते त्यांनी या खर्चाच्या भरीस पडू नये. चांगले तेल, वेळेवर बदल आणि शेवटची फेरी सावकाश मारणे त्यांना पुरेसे आहे. ज्यांचे तेल १३० ओलांडते त्यांच्यासाठी कूलर, प्लेट आणि नळ्या या तीन बाबतींत हा संच मी निःसंकोच सुचवतो, मात्र पत्र्याची बंदिस्त वाट आणि रबराचे बुश यांचे काम त्याच दिवशी करून घ्यावे. आणि वापरलेला कूलर स्वस्तात मिळत असेल तर तो कोणत्या इंजिनावर होता हे कळल्याशिवाय घेऊ नये: बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा धातूचा चुरा कूलरच्या अरुंद वाटांमध्ये अडकून बसतो, कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही, आणि पुढच्या इंजिनात सुटतो.