जॉब चालू ठेवून एअरफोर्सची तयारी: पुण्यातल्या वीकेंड एसएसबी बॅचचा अनुभव
मी मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला दीड वर्षापासून जॉब, आणि फ्लाइंग ब्रँचला (म्हणजे पायलट व्हायला) ॲफकॅटमधून, म्हणजे एअरफोर्सच्या प्रवेश परीक्षेतून, वयाची लिमिट २४, म्हणजे माझ्याकडे आता एकच चान्स उरलाय, राजीनामा द्यावा की नाही याच घोळात एसएसबीची, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या मुलाखत-निवड चाचण्यांची, ही बॅच लावली. क्लासचं नाव मुद्दाम देत नाहीये.

सायकॉलॉजीची प्रॅक्टिस मात्र एकदम भारी. ६० शब्द, प्रत्येकावर १५ सेकंदांत एक वाक्य, मग ३० मिनिटांत ६० प्रसंग, त्यात तू काय करशील ते लिहायचं, सर दर रविवारी घड्याळ लावून लिहून घ्यायचे आणि एकेक उत्तर वाचून विचारायचे, "हे तू खरंच करशील का रे?" त्या प्रश्नाने मी दोन रात्री झोपलो नाही. ग्राउंडचे टास्क (मैदानावर ग्रुपने अडथळे पार करायचे) ठीकठाक.

पण ॲडमिशन घेताना कोणीच सांगितलं नाही की पायलट ॲप्टिट्यूडची टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते, आणि उंचीबरोबर पायाची लांबी, बसल्यावरची उंची पण मोजतात. एक मुलगा जॉब सोडून आला होता, त्याला हे तिसऱ्या आठवड्यात कळलं, फार वाईट वाटलं. फी घेण्याआधी टेप लावून मोजायला काय जातं?

मी राजीनामा दिला नाही. एसएसबी पाच दिवसांची, तेवढी रजा मिळते, डुंडीगलचं (हैदराबादजवळची एअरफोर्स ॲकॅडमी) ट्रेनिंगचं लेटर आलं की त्याच दिवशी देईन. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे कायमची नसलेली नोकरी, १४ वर्षांची, पुढे काय म्हणून आईला अजून पटत नाहीये, पण बाबा रोज पहाटे माझ्याबरोबर पळायला येतात.